छोटी निगेटिव्ह, मोठा माणूस : ऑस्कर बार्नाक

कॅमेरा बाळगणाऱ्यांमध्ये हल्ली दोन पंथ आहेत. एक ‘फुल फ्रेम’वाल्यांचा आणि दुसरा ‘क्रॉप’वाल्यांचा. पहिल्या पंथाचं म्हणणं असं, की आता मिररलेसमध्ये फुल फ्रेम इतकी हलकी आणि आवाक्यात आली आहे, की मायक्रो फोर थर्ड्स आणि एपीएस-सी सारख्या लहान सेन्सरचे दिवस भरले. दुसरा पंथ वजनकाटा आणि खिसा दाखवून उत्तर देतो. गॅदरिंग असो वा ट्रेक, दोन फोटोवाले एकत्र आले की हा वाद ठरलेलाच!

या वादात एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही, म्हणून तो मी विचारतो. ‘फुल फ्रेम’ म्हणजे २४ × ३६ मिलिमीटर. हे माप आलं कुठून? ३० × ४० का नाही? ते ‘फुल’ आहे हे ठरवलं कुणी?

याचं उत्तर शोधताना मला ऑस्कर बार्नाक भेटला आणि गंमत अशी, की आज ज्या मापाला ‘पूर्ण’ म्हणतात ते त्याने शोधलं तेव्हा ते सगळ्यांत लहान, किरकोळ, जवळपास खेळण्यातलं माप होतं! म्हणून लहान सेन्सर जगणार की मरणार यावर भांडण्याआधी या माणसाची गोष्ट ऐका. तो इंजिनिअर नव्हता, डिग्रीवाला तर नव्हताच. तो होता एक मेकॅनिक. आपल्या वर्कशॉपमधले सर ज्याला ‘हाताचा माणूस’ म्हणतील, तसा.

बार्नाकचा जन्म १ नोव्हेंबर १८७९ रोजी जर्मनीत, बर्लिनच्या दक्षिणेकडच्या लिनो नावाच्या खेड्यात झाला. पुढे घरची मंडळी बर्लिनजवळ राहायला आली. तिथेच खगोलशास्त्राची उपकरणं बनवणाऱ्या एका कारागिराकडे तो उमेदवारी करू लागला. दुर्बिणीचे आणि मापनयंत्रांचे भाग म्हणजे केसाच्या जाडीएवढी चूकही चालायची नाही असं काम. उमेदवारी संपल्यावर तिकडच्या रिवाजाप्रमाणे तो गावोगाव फिरला, निरनिराळ्या वर्कशॉपमध्ये काम करून हात तयार केला आणि १९०२ साली येना इथल्या कार्ल झाइस कंपनीत लागला. झाइस म्हणजे भिंगांच्या दुनियेतलं सगळ्यात मोठं नाव. पुढच्याच वर्षी त्याचं लग्न झालं. आता त्याची गाडी रुळावर होती.

दोन गोष्टी मात्र त्याच्या मागे लागल्या होत्या. एक फोटोग्राफीचा नाद आणि दुसरा दमा.

येनाच्या आसपास थुरिंगियाचं सुंदर जंगल आहे. सुट्टीच्या दिवशी बार्नाक तिथे फोटो काढायला जायचा. त्या काळचा कॅमेरा म्हणजे एक लाकडी पेटी. तिच्यात १३ × १८ सेंटिमीटरच्या काचेच्या प्लेट घालायच्या. एक फोटो, एक प्लेट. शिवाय प्लेटांचे जड होल्डर आणि तिवई. आधीच दमा, त्यात हे बोचकं पाठीवर घेऊन डोंगर चढायचा! धाप लागायची आणि चढ अर्ध्यावरच राहायचा. ट्रेकला जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. सॅकमधला शेवटचा किलो चढावर किती जड होतो ते आपल्याला माहीत आहे.

१९०५ च्या सुमारास त्याच्या डोक्यात एक विचार आला. मोठी निगेटिव्ह घेऊन तेवढाच मोठा फोटो छापण्यापेक्षा निगेटिव्ह छोटी घ्यावी आणि फोटो नंतर मोठा करावा. बस्स, एवढंच! आज हे आपल्याला ढळढळीत वाटतं, पण तेव्हाचा रिवाज उलटा होता. बहुतेक लोक निगेटिव्हवर कागद ठेवून तेवढ्याच मापाचा फोटो काढत. बार्नाकने एकाच काचेच्या प्लेटवर बरेचसे छोटे फोटो घेऊन पाहिले. पदरी निराशा आली. प्लेटवरचे चांदीचे कण मोठे करताना असे फुगायचे, की चित्राऐवजी रवाच दिसायचा. कल्पना बरोबर होती, पण तिला पेलणारा माल अजून बाजारात नव्हता. त्याने ती बाजूला ठेवली, टाकून मात्र दिली नाही.

इथे एमिल मेखाऊ नावाचा त्याचा झाइसमधला सहकारी गोष्टीत येतो. मेखाऊ चलच्चित्रांच्या प्रोजेक्टरवर काम करत होता. तो १९१० मध्ये वेट्झलार गावातल्या लाइट्झ कंपनीत गेला. लाइट्झ ही सूक्ष्मदर्शक बनवणारी नावाजलेली कंपनी. मेखाऊने तिथे बार्नाकचं नाव सुचवलं आणि जानेवारी १९११ मध्ये बार्नाक लाइट्झच्या प्रयोगशाळेत रुजू झाला. काम अधिकृतपणे सूक्ष्मदर्शकांचं. पण त्याला ३५ मिलिमीटरच्या सिनेफिल्मचंही वेड लागलं होतं. या फिल्मचा कण काचेच्या जुन्या प्लेटपेक्षा बारीक होता. शिवाय ती लवचिक, गुंडाळता येणारी आणि कडेला भोकं असलेली. म्हणजे पुढे सरकवायची सोय आयतीच!

आता त्याचं डोकं कसं चाललं ते बघा. सिनेमाच्या फिल्मवरचं एक चित्र १८ × २४ मिलिमीटरचं असे आणि फिल्म उभी धावे. एका चित्रामागे चार भोकं. बार्नाकला हे माप फारच छोटं वाटलं. त्याने फिल्म आडवी केली आणि चार भोकांऐवजी आठ भोकांची लांबी घेतली. झाली दोन चित्रांची बेरीज : २४ × ३६ मिलिमीटर! ‘फुल फ्रेम’चा उगम हा असा आहे. त्यामागे कुठलं दिव्य प्रमाण नाही. हाताशी असलेल्या मालातून मोठ्यात मोठं काय निघेल याचा तो एका मेकॅनिकचा हिशोब होता.

१९१४ च्या सुरुवातीला त्याचा धातूचा छोटा कॅमेरा तयार झाला. आज त्याला ‘उर-लायका’ म्हणतात, म्हणजे आद्य लायका. लेन्सची नळी आत ढकलली की तो कोटाच्या खिशात मावे. त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे एकच चक्री फिरवली की फिल्म पुढे सरके आणि त्याच वेळी शटरही ताणलं जाई. जुन्या कॅमेऱ्यांत ही दोन वेगळी कामं होती. एक विसरलं की एकाच जागी दोन फोटो पडत. बार्नाकने दोन्ही कामं गिअरने एकत्र बांधून विसरायची सोयच ठेवली नाही. आपल्याला डिझाइनच्या तासाला वापरणाऱ्याच्या चुका टाळण्याबद्दल जे शिकवतात, ते त्याने शंभर वर्षांपूर्वी पितळेत करून दाखवलं होतं. उणीवही होती. शटर ताणताना फट पूर्ण मिटत नसे, त्यामुळे चक्री फिरवताना लेन्सवर टोपण धरावं लागे. पहिलंच मॉडेल, चालायचंच!

त्या वर्षी कंपनीच्या मालकांचे चिरंजीव एर्न्स्ट लाइट्झ दुसरे हे असा एक कॅमेरा घेऊन अमेरिकेला गेले आणि न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर त्यांनी फोटो काढले. बार्नाकने स्वतः वेट्झलारच्या बाजारचौकात महायुद्धाच्या सैन्यभरतीचा फोटो टिपला. मग युद्धच पेटलं आणि कॅमेरा कपाटात गेला.

पण बार्नाक फोटो काढत राहिला. १९२० साली वेट्झलारला पूर आला तेव्हा पाण्यात बुडालेल्या गल्ल्यांची त्याने फोटोमालिकाच काढली. विचार करा, लाकडी पेटी, तिवई आणि काचेच्या प्लेट घेऊन पुरात कोण उतरणार होतं? इथेच पहिल्यांदा कळतं, की छोटा कॅमेरा म्हणजे नुसती मोठ्याची स्वस्त आवृत्ती नव्हे. मोठा कॅमेरा जिथे पोचतच नाही, तिथे तो पोचतो.

१९२३ मध्ये कंपनीने चाचणीसाठी वीस-पंचवीस कॅमेरे बनवले आणि लोकांना वापरायला दिले. याला ‘शून्य मालिका’ म्हणतात. प्रतिक्रिया संमिश्र आल्या. कुणाला यंत्र आवडलं, कुणी नाकं मुरडली. व्यवसायाने फोटो काढणाऱ्यांना पोस्टाच्या तिकिटाएवढी ती निगेटिव्ह म्हणजे पोरखेळ वाटला.

त्यांचं तरी काय चुकलं? हिशोब करून बघा. १३ × १८ सेंटिमीटरची प्लेट २४ × ३६ मिलिमीटरपेक्षा क्षेत्रफळात सुमारे २७ पट मोठी. आज ज्या फरकावरून आपण वाद घालतो, म्हणजे फुल फ्रेम आणि मायक्रो फोर थर्ड्सचा १७.३ × १३ मिलिमीटरचा सेन्सर, तो फरक चार पटींहूनही कमी आहे. २७ पटींची उडी मारणाऱ्या माणसाला लोकांनी वेड्यात काढलं नसतं तरच नवल!

त्यात काळ कसा? १९२३ ची जर्मनी म्हणजे महागाईचा आगडोंब. नोटांची किंमत तासागणिक घसरत होती. सूक्ष्मदर्शकांच्या कंपनीने कधी न केलेला धंदा अशा वेळी सुरू करायचा? जून १९२४ मध्ये यावर बैठक झाली. तासन्‌तास चर्चा चालली आणि बहुतेकांचा कल नको असाच होता. शेवटी एर्न्स्ट लाइट्झ दुसरे यांनी धोका पत्करायचं ठरवलं. कारखान्यातल्या कुशल कामगारांच्या हाताला काम राहावं हाही त्यामागचा विचार होता. कॅमेरा बनवला बार्नाकने, पण तो जगला या निर्णयामुळे. बार्नाकइतकंच श्रेय मी लाइट्झना देतो.

पण निर्णय झाला म्हणून निगेटिव्ह मोठी होत नाही. छोटी निगेटिव्ह आठ-दहा पट मोठी करायची, तर लेन्समधली चूकही तितक्याच पटीने मोठी दिसणार. म्हणजे लेन्स मोठ्या कॅमेऱ्याच्या लेन्सपेक्षा जास्त धारदार हवी. हे काम केलं लाइट्झच्याच माक्स बेरेक या शास्त्रज्ञाने. त्याने ५० मिलिमीटर, एफ ३.५ ची लेन्स याच मापासाठी नव्याने गणित मांडून तयार केली. पुढे तिला नाव पडलं एल्मार. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. छोट्या मापाला मोठ्याची उरलीसुरली लेन्स जोडली नाही, त्याची स्वतःची लेन्स दिली.

मार्च १९२५ मध्ये लाइपझिगच्या वसंत जत्रेत कॅमेरा लोकांसमोर आला. नाव ठेवलं लायका, म्हणजे लाइट्झ आणि कॅमेरा या शब्दांची सुरुवातीची अक्षरं. आता शटर ताणताना फट मिटत होती, टोपणाची कटकट गेली होती आणि वेग १/५०० सेकंदापर्यंत होता. कॅमेऱ्याबरोबर निगेटिव्ह मोठी करणारं एन्लार्जरही कंपनीनेच विकायला ठेवलं. म्हणजे कॅमेरा, लेन्स, एन्लार्जर अशी पूर्ण साखळी.

पुढची दहा वर्षं बार्नाक या साखळीची एकेक कडी घट्ट करत राहिला. १९३० मध्ये लेन्स बदलता येऊ लागली. पण सुरुवातीला प्रत्येक लेन्स त्या-त्या कॅमेऱ्याशी जुळवून द्यावी लागे. एकाची लेन्स दुसऱ्याला लावली तर फोकस चुकणार. लगेच पुढच्या वर्षी लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर २८.८ मिलिमीटर असं पक्कं करण्यात आलं आणि कुठलीही लेन्स कुठल्याही लायकाला बसू लागली. टॉलरन्स आणि इंटरचेंजेबिलिटीवर पाच मार्कांची टीप लिहिताना हे उदाहरण खुशाल द्या! १९३२ मध्ये अंतरमापक कॅमेऱ्यातच बसवला, तोही लेन्सला जोडून. १९३३ मध्ये सावकाश शटरवेग आले.

लोकांची मनंही हळूहळू बदलली. पाउल वोल्फ या फोटोग्राफरने फिल्मवर प्रकाश भरपूर घ्यायचा आणि ती धुताना हात आखडता घ्यायचा, अशा पद्धतीने या छोट्या निगेटिव्हमधून मोठमोठे स्वच्छ फोटो काढून दाखवले. १९३४ साली त्याने आपल्या अनुभवांवर पुस्तकही लिहिलं. झाइससारख्या बलाढ्य कंपनीने १९३२ मध्ये कॉन्टॅक्स काढून हेच माप उचललं, तर १९३४ मध्ये कोडॅकने याच मापासाठी उजेडात भरता येणारी तयार फिल्म-डबी आणली. प्रतिस्पर्ध्याने तुमचं माप उचललं की समजावं, माप जगलं!

१६ जानेवारी १९३६ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी बार्नाक गेला. तोवर लाखावर लायका बाजारात गेले होते. पुढे काय झालं ते जगाने पाहिलं आणि आपणही. फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँ १९४७-४८ मध्ये भारतात आला तो लायका घेऊनच. ३० जानेवारी १९४८ ला तो गांधीजींना भेटला होता आणि त्या संध्याकाळनंतरचे दिल्लीचे फोटो त्याच छोट्या कॅमेऱ्याने टिपले. २०२२ साली शून्य मालिकेतला बार्नाकचा स्वतःचा १०५ क्रमांकाचा कॅमेरा लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना गेला, म्हणजे शंभर कोटी रुपयांच्या वर!

आता येऊ मूळ प्रश्नाकडे. बार्नाकची गोष्ट ऐकून लहान सेन्सरवाले लगेच टाळ्या वाजवतील. पण थांबा! याच गोष्टीचा दुसरा भागही आहे.

१९५९ मध्ये जपानच्या ऑलिंपस कंपनीत योशिहिसा माइतानी या तरुण इंजिनिअरने ‘पेन’ कॅमेरा काढला. त्याने बार्नाकच्या मापाचे पुन्हा दोन तुकडे केले, १८ × २४ चे. ३६ फोटोंच्या रोलवर ७२ फोटो! पेनची मालिका तुफान खपली. पण पुढे पूर्ण ३५ मिलिमीटरचेच कॅमेरे छोटे आणि स्वस्त झाले आणि अर्ध्या मापाची गरज उरली नाही. १९९६ मध्ये आलेली एपीएस नावाची लहान फिल्मही डिजिटलच्या लाटेत संपली. एपीएस-सी या सेन्सरच्या नावात तेवढी तिची आठवण उरली आहे. म्हणजे नुसतं लहान असणं हे जगायचं कारण नाही. मोठा आपल्याएवढा लहान झाला की लहान मरतो.

डिजिटलमध्ये तेच चालू आहे. गंमत म्हणजे मिररलेसची आजची जात सुरू केली ती लहान सेन्सरनेच, २००८ मध्ये पॅनासोनिकच्या जी१ ने. २०१३ मध्ये सोनीची फुल फ्रेम ए७ आली, २०१८ मध्ये निकॉन आणि कॅननही उतरले. निकॉनने आपली छोट्या सेन्सरची ‘निकॉन १’ मालिका त्याच वर्षी बंद केली. कॅननची ईओएस एम २०२३ मध्ये गेली. ऑलिंपसने तर कॅमेऱ्याचा धंदाच २०२१ मध्ये नव्या कंपनीकडे सोपवला. सोनीचा फुल फ्रेम ए७सी फक्त ५०९ ग्रॅमचा आहे. माइतानीच्या पेनचं जे झालं तेच होणार, असं वाटतं की नाही?

माझं उत्तर असं : बॉडीच्या वजनावर जगू पाहणारे जाणार. पण लेन्सचं वजन बघा. मायक्रो फोर थर्ड्सची ३०० मिलिमीटर, एफ ४ लेन्स जेवढं दृश्य पकडते तेवढ्यासाठी फुल फ्रेमला ६०० मिलिमीटर लागते. पहिली सव्वा किलोच्या आसपास, दुसरी एफ ४ मध्येच घेतली तर तीन किलोच्या घरात. फुकट काही मिळत नाही हेही खरं. लहान सेन्सरवर एकूण प्रकाश पाव भाग पडतो, त्यामुळे अंधारात दाणे जास्त आणि पार्श्वभूमी कमी धूसर. पण पहाटे पक्ष्यांमागे चिखलातून चालणाऱ्याला तो सौदा परवडतो. म्हणून तर २०२२ मध्ये ओएम-१, २०२३ मध्ये पॅनासोनिकचा जी९ टू असे मायक्रो फोर थर्ड्सचे नवे कॅमेरे येत राहिले. एपीएस-सी मध्ये फुजीफिल्मने तर आपल्या मापासाठी वेगळ्या लेन्सची फळीच उभी केली. बेरेकने केलं तेच. जे गेले त्यांच्याकडे मला ही फळी नीट उभी राहिलेली दिसत नाही. त्यांचं माप हे कंपनीचं सावत्र मूल होतं.

बार्नाकला मोठ्या प्लेटला हरवायचं नव्हतंच. त्याला डोंगर चढायचा होता आणि कॅमेरा बरोबर न्यायचा होता. माप हे त्या गरजेचं उत्तर होतं. म्हणून माझ्या मते लहान सेन्सर जगेल का, हा प्रश्न तज्ज्ञांच्या तक्त्यांना विचारू नये. आज बार्नाकसारखी धाप कुणाला लागते आहे, त्याला विचारावा. जोवर असा माणूस आहे आणि त्याच्यासाठी मनापासून लेन्स घडवणारी कंपनी आहे, तोवर लहान माप जगेल. त्यातलं एक जरी गेलं, तर कितीही मेगापिक्सेल त्याला वाचवणार नाहीत.

आणि मित्रांनो, आपल्यासाठी एक गोष्ट. बार्नाककडे पदवी नव्हती, फुप्फुसं धड नव्हती आणि त्याची कल्पना कारखान्यात पोचायला जवळपास वीस वर्षं लागली. त्याने स्वतःच्या अडचणीलाच प्रॉब्लेम स्टेटमेंट केलं. फायनल इयरच्या प्रोजेक्टला विषय सापडत नाही म्हणून कँटीनमध्ये बसलेल्या आपण सगळ्यांनी एकदा स्वतःची धाप तपासून बघायला हरकत नाही.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी